खिशातल्या चाकूच्या लॉकमधली बारकी स्प्रिंग : किती वर्षं भरवसा ठेवायचा?

खापरीचा_पोट्टा
रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आज सकाळी काटोलकडे मित्राच्या बागेत गेलो होतो, संत्रं कापायला खिशातला चाकू उघडला आणि नेहमीचा आवाजच आला नाही. नेहमी कसा "टक" असा भरीव आवाज येतो, आज "टिक" असं काहीतरी पोकळ झालं. लॉकची आडवी दांडी बोटांनी मागे ओढून पाहिली तर उजव्या बाजूला जोर होता आणि डावी बाजू एकदम ढिली.

घरी येऊन जेवणाच्या ताटात चाकू खोलला (ताटात खोललं म्हणजे स्क्रू पडला की आवाज येतो, हरवत नाही). डावी मूठ उचलली तर स्प्रिंगचे दोन तुकडे पडले. घोड्याच्या नालेसारखा आकार, टाचणीएवढी बारीक तार. माझं पूर्ण पातं ज्या लॉकच्या भरवशावर उभं राहते त्याच्या मागे एवढीशी तार आहे हे मला चार वर्षं डोळ्यांनी कधी दिसलंच नव्हतं.

चाकू चार वर्षांचा आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सवय अशी की हातात असला की उघड-बंद करत राहतो, दिवसाला शंभरेक वेळा सहज होत असेल. तर मला हे विचारायचं आहे की एवढ्या बारक्या स्प्रिंगवर दहा-पंधरा वर्षांचा भरवसा ठेवता येतो का, की क्रॉसबार लॉकचा (ह्या आडव्या दांडीच्या लॉकचा) नाद सोडून दुसरं काही घ्यावं? आणि माझ्या उघड-बंद करण्याने ती तुटली का? हे शेवटचं खरं सांगा, कारण घरी आईचं तेच मत आहे.

तर्री_पोहे
रविवार, रात्री ९:५२

दिवसाला शंभर वेळा? भाऊ, मे महिन्यात मी फ्रिज पण एवढा उघडत नाही. आईचं बरोबर असते, पुढचं नंतर वाचतो.

धरमपेठचे_अप्पा
रविवार, रात्री १०:१५

माझ्याकडे लाल मुठीचा स्विस चाकू १९८६ पासून आहे. मोठ्या भावाने दिलेला. त्याच्या पाठीत जी स्प्रिंग आहे ती मुठीच्या लांबीची सरळ पट्टी आहे, तुमच्या तारेसारखी केसाएवढी नाही. आजही पातं उघडलं की तसाच खटका बसतो. ह्या चाकूची मूळ कल्पना १८९७ ची, तेव्हा कार्ल एल्सेनर यांनी एका पट्टीच्या दोन्ही अंगांना अवजारं बसवण्याची युक्ती काढली आणि ती पट्टीच सगळ्यांची स्प्रिंग. सव्वाशे वर्षांत त्यात फारसं बदलावं लागलं नाही. बारीक तारा घालून लॉक करायचे हे सगळे नंतरचे लाड आहेत असं माझं स्पष्ट मत आहे.

वर्धारोडवाली
रविवार, रात्री १०:३१

अप्पा, तुमच्या चाकूला लॉक नाहीच. तो फक्त खटक्यावर उभा आहे. टोकाने काही टोचायला गेलात आणि पातं मागे आलं तर बोटावर येतं. त्यामुळे "स्प्रिंग तुटली नाही" आणि "चाकू सुरक्षित आहे" ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

धरमपेठचे_अप्पा
रविवार, रात्री १०:४०

ताई, मान्य. चाळीस वर्षांत मी त्याने टोचायचं काम कधी केलं नाही. सफरचंद, दोरा, पाकीट, बस.

हिंगणा_स्प्रिंगवाला
रविवार, रात्री ११:०५

हे वाचून झोप उडाली, आमचाच विषय आहे. हिंगणा एमआयडीसीत अठरा वर्षं स्प्रिंगा वळून राहिलो. उत्तर देण्याआधी पोट्टेभाऊ एक सांगा. तुकडे फेकले नसतील तर भिंगाखाली पाहा. तुटली ती जागा वाकात आहे की सरळ भागात? आणि तुटलेल्या तोंडाचा रंग कसा आहे, सगळीकडे एकसारखा की एका कडेला वेगळा? आणि तिथं जवळपास गंजाचा ठिपका आहे का?

खापरीचा_पोट्टा
सोमवार, सकाळी ७:२०

काका, बाबांचं टपाल तिकिटांचं भिंग घेऊन बाल्कनीत उन्हात पाहिलं. तुटली ती बरोबर वाकात, जिथं तार दांडीला हूक घालायला वळते तिथं. तोंडाचा बहुतेक भाग करडा, दाणेदार, साखरेसारखा चमकणारा. पण आतल्या कडेला नखाच्या टोकाएवढीही नाही अशी एक गुळगुळीत काळपट चंद्रकोर दिसते, आणि चंद्रकोरीच्या मुळाशी तांबूस ठिपका आहे. आधी मला तो तेलाचा डाग वाटला, टाचणीने खरवडला तर खड्डा निघाला.

हिंगणा_स्प्रिंगवाला
सोमवार, दुपारी १:४५

जेवणाच्या सुट्टीत लिहून राहिलो, लांब होईल.

तुमच्या त्या चंद्रकोरीत सगळी कथा आहे. तडा तिथून सुरू झाला. गुळगुळीत काळपट भाग म्हणजे तडा हळूहळू आत सरकत होता तेव्हाचा, कित्येक दिवस, कदाचित महिने, दोन्ही तोंडं एकमेकांवर घासून गुळगुळीत झाली आणि ओल लागून काळी पडली. उरलेला दाणेदार भाग एका झटक्यात तुटला, तो काल संत्र्याच्या वेळी. म्हणजे स्प्रिंग काल तुटली नाही, काल फक्त तुटून पूर्ण झाली.

आता तुमच्या आईचा मुद्दा. स्प्रिंग उघड-बंद केल्याने झिजत नाही, थकते. पण थकते कधी? पोलादाच्या तारेचा एक गुण आहे, ताण एका ठराविक मर्यादेच्या खाली राहिला तर तिला दहा लाख वेळा दाबा नाहीतर कोटी वेळा, तडा सुरूच होत नाही. मर्यादेच्या वर गेलात की मोजणी सुरू. तुमचा हिशोब करू, शंभर गुणिले ३६५ गुणिले चार, झाले १,४६,०००. आमच्या धंद्यात दीड लाख हा काही मोठा आकडा नाही. तार स्वच्छ असती, वाक गोल असता, तर एवढ्यात तुटायला नको होती. त्यामुळे आईला सांगा की उघड-बंद करण्याचा वाटा आहे, पण मूळ कारण तो खड्डा आहे. गंजाचा बारका खड्डा झाला की तेवढ्या जागी ताण दुपटी-तिपटीने गोळा होतो. बाकी सगळी तार मर्यादेखाली आणि ती एक जागा मर्यादेच्या वर.

आणि वाकच का? कारण सरळ तारेवर ताण वाटला जातो, वाकाच्या आतल्या अंगाला तो साठतो. तार जेवढी आखूड गोलाईत वळवाल तेवढा जास्त. शिवाय वळवताना फॉर्मिंग पिनचा ओरखडा तिथंच पडतो. आमच्याकडे पिन बोथट झाली की पॉलिश करायला काढतात ते ह्याचसाठी. डोळ्याला दिसतही नाही असा ओरखडा, पण तार विसरत नाही.

तिसरी गोष्ट प्लेटिंग. चमक यावी म्हणून बारीक स्प्रिंगला झिंक नाहीतर निकेल चढवतात, त्या टाकीत तारेच्या पोटात हायड्रोजन शिरतो आणि तार ठिसूळ होते. म्हणून प्लेटिंग झाल्याबरोबर काही तासांच्या आत भट्टीत घालून १९० ते २२० डिग्रीवर पुढचे कित्येक तास भाजायची असते. ज्याने ही भाजणी वाचवली त्याची स्प्रिंग कपाटात ठेवल्या ठेवल्या तुटते, कोणी हात न लावता. तुमची तशी वाटत नाही, तशी असती तर चार वर्षं टिकली नसती.

तर्री_पोहे
सोमवार, दुपारी २:१०

"तार विसरत नाही" हे मी बायकोला सांगणार नाही, तिला लगेच पटेल.

बाकी काका, एवढं सोपं करून आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

मानेवाडा_मेकॅनिक
सोमवार, सायंकाळी ६:३०

मले वाटते गरमीनं झालं. ह्यानं चाकू गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला असंन. आपल्या इथं मे मधे बाहेरच पंचेचाळीस, बंद गाडीत सत्तरच्या आसपास जाते. एवढ्या गरमीत स्प्रिंग बसते आन् मग तुटते. माझ्याकडे एका गिऱ्हाइकाच्या डिकीच्या खटक्याची स्प्रिंग अशीच बसली होती.

हिंगणा_स्प्रिंगवाला
सोमवार, रात्री ९:१५

भाऊ, बसणं आणि तुटणं हे वेगवेगळे आजार आहेत. बसली म्हणजे लांबी कमी झाली, जोर गेला, तार मात्र अखंड. ती ताणाच्या हद्दीबाहेर दाबली गेली किंवा खरोखर तापली तर बसते. साधी पियानो वायर (स्प्रिंगची कडक पोलादी तार) शंभर-सव्वाशे डिग्रीपर्यंत काम करते, आणि वळल्यावर तिचा ताण काढायला आम्हीच तिला अर्धा तास दोनशेच्या वर भाजतो. सत्तर डिग्रीचं तिला काही वाटत नाही. डॅशबोर्डवर ग्रीस पातळ होऊन ओघळेल, प्लास्टिकची मूठ वाकडी होईल, स्प्रिंग मात्र तशीच.

आणि "दाबून ठेवली की बसते" हाही गैरसमज इथंच मिटवू. चांगल्या कारखान्यात स्प्रिंग वळल्यावर तिला पूर्ण दाबून सोडतात, दोन-तीन वेळा. जे काय बसायचं ते तिथंच बसते. त्यानंतर तुम्ही चाकू बंद ठेवा की उघडा, वर्षानुवर्षं फरक पडत नाही.

इतवारी_घड्याळ
सोमवार, रात्री ९:५०

मी घड्याळवाला. स्प्रिंगवाल्या काकांच्या बोलण्याला माझ्या टेबलावरची साक्ष देतो. चावीच्या घड्याळात क्लिक स्प्रिंग नावाची एक तार असते, पापणीच्या केसाएवढी. चावी देताना जो कर्र कर्र आवाज येतो तो तिच्या बळावर. रोज चावी म्हणजे रोज वीस-पंचवीस दात, तीस वर्षांचे झाले दोन-अडीच लाख. माझ्याकडे जुनी जनता, पायलट अशी एचएमटीची घड्याळं येतात, पन्नास वर्षांची, मालकाच्या मुलाने आणलेली. त्यात ही तार बहुतेक वेळा मूळचीच असते आणि उत्तम असते. तुटलेली सापडते ती कुठं? ज्यात पाणी शिरलं त्यात. नेहमी. मागचं झाकण खोललं की आधी गंजाची तांबूस पूड दिसते आणि मग तुटलेली तार.

म्हणून बारीक आहे म्हणून कमजोर असं समजू नका. उलट बारीक तार नीट बनवली तर ओढण्याच्या प्रक्रियेतच ती जाड तारेपेक्षा मजबूत होते. तिचं वैर फक्त पाण्याशी आहे, कारण खड्डा तेवढाच पडला तरी जाड पट्टीत तो ओरखडा असतो आणि बारीक तारेत ती एक दशांश तार गेलेली असते.

धरमपेठचे_अप्पा
सोमवार, रात्री १०:०५

शेवटचं वाक्य पटलं. माझी पट्टी का टिकली ते कळलं. ती चांगली होती म्हणून नव्हे, तर गंज लागला तरी तिच्याकडे गमवायला भरपूर होतं म्हणून. काल "लाड" म्हणालो ते मागे घेतो.

अजनी_लोको
मंगळवार, सकाळी ६:१०

नाइट करून आलो आणि हे वाचलं. इंजिनाच्या बोगीत (चाकांच्या सांगाड्यात) ज्या कॉइल स्प्रिंगा असतात त्यांची तार माझ्या मनगटाएवढी. एवढी जाड, तरी तपासताना आम्ही काय पाहतो? रंग कुठं उडाला ते. गिट्टीचा खडा लागून रंग उडतो, तिथं गंज पकडतो, गंजातून तडा. पोट्टेभाऊच्या टाचणीएवढ्या तारेत आणि आमच्या मनगटाएवढ्या तारेत आजार एकच आहे हे पाहून छान वाटलं.

ही थकव्याची विद्या वाढली ती रेल्वेत. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस (ॲक्सल) तुटला, मोठा अपघात झाला, पन्नासहून जास्त माणसं गेली. चांगला दिसणारा आस रोजच्या वजनाखालीच कसा तुटतो हे तेव्हा नीट कोणाला कळत नव्हतं. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्योलर ह्या रेल्वे इंजिनिअरने वर्षानुवर्षं आस फिरवून फिरवून तोडले आणि किती ताणाला किती फेरे टिकतात ते मांडलं. काका म्हणतात ती "मर्यादेखाली कोटी वेळा" वाली गोष्ट तिथून आली. ट्रेनिंगला हे शिकवलं तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, खरं कळलं पहिल्यांदा तुटलेली स्प्रिंग हातात घेतली तेव्हा. त्या तोंडावर समुद्राच्या लाटांसारख्या रेषा असतात, एकामागे एक. पोट्टेभाऊची चंद्रकोर म्हणजे त्याच लाटा, लहान.

काटोल_संत्रा
मंगळवार, सकाळी ८:४५

बाप्पा, संत्र्याच्या रसाचं कोणीच काऊन बोलून नाही राहिलं? पोट्टा माझ्याच बागेत चाकू घेऊन येते दर बहाराले. संत्रं कापते, चाकू पॅन्टले पुसते, बंद करते, खिशात. पात्यावरचा रस पुसल्या जाते पण बुडाशी जो जाते तो थेट लॉकमधे. आंबट रस आहे तो, वर साखर, साखरेवर माती चिकटते, मातीले ओल धरते.

आम्ही जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचे डोळे भरतो, म्हंजे कलम करतो, तेव्हा दिवसभर चाकू हातात, शेकडो डोळे. आमच्या चाकूले लॉक नाही, लाकडाची मूठ अन् सरळ पातं. तरी दर तासाले गडी चाकू पाण्यात बुचकळते अन् धडप्याने कोरडा करते, नाहीतर संध्याकाळपर्यंत पातं काळं. पात्याले जर एवढं जपा लागते तर आत बसलेल्या तारेले कोण जपंन?

खापरीचा_पोट्टा
मंगळवार, सकाळी ९:०२

दादा खरं आहे. चार वर्षांत एकदाही आतून धुतला नाही. पातं मात्र दर महिन्याला परजतो.

वर्धारोडवाली
मंगळवार, दुपारी १२:२०

मला मात्र इथं थोडा विरोध नोंदवायचा आहे. दोन दिवस आपण स्प्रिंग का तुटते ह्यावर बोलतोय, आणि मूळ प्रश्नाचा अर्धा भाग तसाच राहिला. तुटली तर काय होतं? मी शाळेच्या मुलांना पेंच भागात कॅम्पला नेते, दोरखंड, बांबू, भाज्या, सगळं चाकूने. माझ्यासाठी हा प्रश्न पहिला.

पोट्टेभाऊंच्या लॉकमध्ये दोन स्प्रिंगा आहेत, दोन्ही बाजूंना एक एक. ही रचना बिल मॅकहेन्री आणि जेसन विल्यम्स यांची, बेंचमेड कंपनीने १९९८ साली ॲक्सिस लॉक म्हणून बाजारात आणली, पेटंट संपल्यावर आता पुष्कळ जण बनवतात. तिचं मोठेपण हे की एक तुटली तरी दुसरी दांडी धरून ठेवते. आणि नीट पाहिलं तर पातं थोपवून धरते ती दांडी, स्प्रिंग नाही. स्प्रिंगचं काम दांडी जागेवर ढकलून ठेवणं एवढंच. म्हणून त्यांना त्या दिवशी बोटाला इजा न होता फक्त आवाजावरून कळलं.

लायनर लॉकमध्ये वेगळी बारीक स्प्रिंग नसतेच, आतली पट्टीच वाकवून स्प्रिंग केलेली असते. मायकेल वॉकर यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ती आजच्या रूपात आणली, आणि ख्रिस रीव्ह यांनी मुठीचीच भिंत कापून फ्रेम लॉक केला. ती पट्टी सहसा तुटत नाही, झिजते. पात्याच्या बुडावर घासत घासत ती दरवर्षी थोडी पलीकडे सरकते आणि एक दिवस दुसऱ्या भिंतीला टेकते. ही झीज डोळ्याला दिसते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तारेचा तडा मूठ खोलल्याशिवाय दिसत नाही.

बटण लॉकमध्ये गुंडाळीची स्प्रिंग असते आणि एकच. पण ती तुटली तरी दोन तुकडे एकमेकांवर बसून थोडा जोर देत राहतात. बॅक लॉक, म्हणजे १९६४ च्या बक ११० ह्या चाकूने घराघरात नेलेली रचना, त्यात पाठीची दांडी आणि तिच्याखाली स्प्रिंग. आणि मुलांच्या हातात मी काय देते? ओपिनेल, लाकडी मुठीचा फ्रेंच चाकू. मुठीच्या तोंडाशी फिरवायची पोलादी कडी, १९५५ सालची युक्ती. आत कोणती तार नाही, मुलांना कडी फिरवलेली दिसते, मलाही लांबून दिसते.

हिंगणा_स्प्रिंगवाला
मंगळवार, दुपारी १:५०

ताई, तुम्ही जे म्हणाल्या ते आम्ही कारखान्यात रोज म्हणतो, स्प्रिंग तुटणार असं धरून रचना करा. एक भर घालतो. दोन स्प्रिंगांपैकी एक तुटली की दुसरीवर भरवसा ठेवून महिनोन्‌महिने वापरू नका. तीही त्याच दिवशी जन्मली, त्याच पिनवर वळली, तिलाही तोच रस लागला. जोडीनेच बदला.

मानेवाडा_मेकॅनिक
मंगळवार, सायंकाळी ७:००

कशाले बाहेरून मागवता, क्लचच्या केबलची एक तार काढा अन् पकडीने वाकवून टाका. मी दहा मिनिटात करून देतो.

हिंगणा_स्प्रिंगवाला
मंगळवार, रात्री ८:२०

मेकॅनिकभाऊ, प्रेमाने सांगतो, नका. केबलची तार लवचिक दोरखंडासाठी असते, स्प्रिंगसाठी नाही, आणि पकडीच्या दातांचा ओरखडा म्हणजे तोच खड्डा आपल्या हाताने केला. घरीच करायचं तर गिटारची साधी, गुंडाळी नसलेली पोलादी तार घ्या, ती खरी पियानो वायरच असते, सोळा-सतरा नंबरची तार चाळीस शतांश मिलिमीटरच्या आसपास भरते. आधी जुन्या तारेची जाडी मापा. गोल तोंडाच्या पक्कडीने वळवा, दात असलेल्या नाही. कोन काढू नका, गोलाई ठेवा. वळल्यावर घरच्या ओव्हनमध्ये २३० वर अर्धा तास, मग आपोआप गार होऊ द्या. तार सोनेरी-तपकिरी झाली की समजा ताण निघाला. पहिल्या तीन फसतील, चौथी बसेल.

मानेवाडा_मेकॅनिक
मंगळवार, रात्री ८:३१

ह्ये भारी आहे. ओव्हन नाही, पण पावभट्टीवाला दोस्त आहे.

तर्री_पोहे
मंगळवार, रात्री ८:३३

उद्या मानेवाड्यात स्प्रिंगवाले पाव मिळणार, सांभाळून खा.

काटोल_संत्रा
मंगळवार, रात्री ९:००

आमचा लोहार ट्रकचे जुने कमानपाटे आणते भंगारातून, त्याचे विळे अन् कोयते करते. एकेक विळा वीस वर्षं. मी त्याले विचारलं होतं की बा, नवीन लोखंड काऊन नाही घेत, तं म्हणे कमानपाट्याने आधीच लाखो धक्के खाल्ले, जे तुटायचे होते ते रस्त्यात तुटले, माझ्यापर्यंत आला तो पक्का.

अजनी_लोको
मंगळवार, रात्री ९:२०

लोहारदादांचा अनुभव मोठा आहे, पण एवढंच सांगा त्यांना की धक्के खाल्लेल्या पाट्यात न दिसणारा तडा असू शकतो. ते तापवून ठोकतात तेव्हा आधी पाटा नीट घासून केरोसीन लावून पुसावा आणि वरून खडूची पूड भुरभुरावी. तडा असला तर आतलं केरोसीन पुडीत ओली रेघ काढते. आम्ही जुन्या काळी हेच करायचो.

काटोल_संत्रा
मंगळवार, रात्री ९:२४

उद्याच सांगतो त्याले. धन्यवाद भाऊ.

इतवारी_घड्याळ
बुधवार, सकाळी १०:३०

तेलाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. खोबरेल नको. चोवीसच्या खाली पारा गेला की ते गोठतं, आपल्याकडे डिसेंबरात बाटलीत पांढरं होतं ते सगळ्यांनी पाहिलंय, लॉकमध्येही तेच होणार. गोडंतेल तर अजिबात नको, त्याचा चिकट राळेसारखा थर होतो. शिलाई मशीनचं तेल, सुईच्या टोकावर मावेल एवढं, स्प्रिंगच्या वाकाला लावून बाकी पुसून काढायचं. आणि धुतल्यावर वाळवताना उन्हात ठेवा तासभर, नागपूरच्या उन्हाचा तेवढा तरी उपयोग.

धरमपेठचे_अप्पा
बुधवार, सकाळी ११:१०

सर्वांना एक विनंती. लॉक धरतो का पाहायला पात्याची पाठ टेबलावर जोरात आपटू नका, मुलं व्हिडिओ पाहून करतात. त्याने चांगला लॉकही बिघडतो. चारही बोटं पात्याच्या वाटेतून बाहेर काढून, मूठ बाजूंनी धरून, दुसऱ्या हाताच्या तळव्याने पाठीवर हळूहळू दाब द्यावा. मी काल नातवाच्या चाकूवर करून पाहिलं.

खापरीचा_पोट्टा
पुढचा शनिवार, रात्री ८:१५

मंडळी, आज वेळ मिळाला. उजवी मूठही खोलली. दुसरी स्प्रिंग अखंड होती, दांडीला जोरही देत होती. भिंगाखाली धरली तर बरोबर त्याच वाकात, त्याच आतल्या अंगाला, तांबूस ठिपका. टाचणीने खरवडला, तिथंही खड्डा. लायनरच्या खाचेत रस वाळून मधासारखा तपकिरी थर झाला होता, त्यात खिशातल्या कापडाचे धागे. गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने जुन्या टूथब्रशने घासला, दोन वेळा पाणी बदललं, तेव्हा धातू दिसला.

नवीन जोडी मागवली आहे, येईपर्यंत चाकू बंद करून कपाटात. तोपर्यंत वर्धारोडवाल्या ताईंचं ऐकून ओपिनेल घेतला. संत्रं कापल्यावर आता चाकू नळाखाली उघडा धरतो, बुडाशी पाणी जाऊ देतो, झटकतो, मग पुसतो. उघड-बंद करणं चालूच आहे, आईला काकांचा १,४६,००० चा हिशोब वाचून दाखवला. ती म्हणाली की मग आता धुवायला लाग.

स्प्रिंगवाले काका, ही खड्डा पडलेली पण न तुटलेली स्प्रिंग तुम्हाला हवी का? हिंगण्याला आणून देतो.

हिंगणा_स्प्रिंगवाला
शनिवार, रात्री ८:४०

आणाच. सोमवारी दुपारी या, आणि ती तुटलेली जोडीदारीण पण आणा. आमच्याकडे दोन नवीन पोरं शिकायला लागली आहेत, त्यांना पिन पॉलिश करायचा कंटाळा येतो. भिंगाखाली दोन्ही शेजारी ठेवून दाखवतो.